पुढची ओळ

शनिवारी पहाटे साडेपाचला
छावणीतल्या चर्चच्या मागच्या खोलीत
आम्ही नऊ पुरुष बसतो.
प्लास्टिकच्या खुर्च्या,
दाबली की वर न उठणाऱ्या एका पट्टीची पेटी,
आणि थर्मासमधला चहा,
जो आमेन होईपर्यंत कुणी ओतत नाही.

प्रार्थनेचे विषय ठरलेले:
कुणाची बढती, कुणाचा मुतखडा,
सांवेर रोडच्या कारखान्यात पुन्हा लांबलेला पगार.
पापाबद्दल बोलतो ते अनेकवचनात.
'आम्ही चुकलो' म्हटलं की
कुणाचंच नाव लागत नाही.

आज सिलासनं करिंथकरांचं पत्र काढलं,
शेवटचा अध्याय, तो मर्दपणाचा शब्द.
आवाज चढवून वाचला, पुस्तक मिटलं.
आम्ही खुर्चीत जरा ताठ झालो,
फोटोवाल्यानं 'रेडी' म्हटल्यावर होतो तसे.

तेवढ्यात बर्नबासकाका
(कान अजून आखाड्यातल्या कुस्त्यांनी चुरगळलेले)
म्हणाले, पुढची ओळ वाच.
सिलास म्हणाला, विषय तर इथपर्यंतच आहे.
वाच भिया.

पुढच्या ओळीत प्रीती होती.
फार मोठी ओळही नव्हती.

'चाळीस वर्षं मी घर आधीच्या ओळीवर चालवलं,'
काका म्हणाले.
'माझा योएल पीथमपुरात राहतो. तासाभराची बस.
अकरा वर्षं झाली.'
एकवचनात म्हणाले.
मग रुमालात नाक शिंकरलं,
आणि पेटीवाल्यालासुद्धा सूर धरवेना.
चहा तसाच राहिला.

घरी आलो तर अमोस
अंगणात सायकलला हवा भरत होता.
परवा त्याचं कबुतर मांजरानं नेलं
तेव्हा मी म्हटलं होतं,
पोरगा आहेस ना? पूस डोळे.
त्यानं पुसले. इतके नीट पुसले
की तेव्हापासून माझ्याकडे वर करून पाहिलं नाही.

लेथवर मी सुतासुताची चूक काढतो;
इथे कुठून धरायचं, कळेना.
याकोब रात्रभर झुंजला
आणि उजाडताना लंगडत निघाला.
मी आजवर कधी लंगडलो नाही,
आणि हे मी लोकांना कौतुकानं सांगत आलो.

त्याच्या शेजारी उकिडवा बसलो.
गुडघा कटकन वाजला.
'काय रे, नाव काय होतं त्याचं?'

पंप थांबला.
व्हॉल्व्हमधून थोडी हवा जात राहिली,
जाऊ दिली आम्ही दोघांनी.

'ती होती,' तो म्हणाला.