उलाळ

गुळाच्या अडतीतला काटा टेम्पोत घालून आणला
आणि कऱ्हाडच्या हँगरसमोर, सपाट जागा बघून मांडला.
सकाळचे साडेसहा. आगाशिवाच्या डोंगरावर अजून उजेड पुरता नाही.
रमजान आत्तार, आमचा मिस्त्री, कानामागची पेन्सिल काढून म्हणाला,
"चढवा एकेक. भाव काय लागंल ते मागनं बघू."

तंबू चार किलो दोनशे.
खुंट्या वेगळ्या, लोखंडी,
कारण हिंदुराव सरांचा ॲल्युमिनियमवर विश्वास नाही.
पाण्याचा कॅन वीस.
पाण्याचं बरं असतं, लिटरला किलो,
ते आपलं वजन लपवत नाही.
मग सरांची दुर्बीण, जतच्या माळावरच्या पोरांसाठी:
नळी वेगळी, बैठक वेगळी,
आरसा गोधडीत गुंडाळलेला, बाळंतिणीच्या खोलीतून आणल्यासारखा.
मागच्या आरशाला रस्त्यानं तडा दिला होता,
म्हणून हा हवेतून.

आणि मग "जाताच आहात तर".
जाताच आहात तर भावजींचा मोटारीचा पंखा.
जाताच आहात तर मुख्याध्यापकांना वह्यांचे दोन गठ्ठे.
जाताच आहात तर हा एक भोपळा, घरचा आहे.
रमजाननं कागदावर रेघ ओढली.
"मॅडम, हे इमान हाय का वडाप?"

मागच्या कप्प्याला चोपन्न किलो, त्यावर एक नाही.
सर हळूच म्हणाले, पेट्रोल थोडं कमी घेऊ.
मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं.
पेट्रोलशी घासाघीस नाही, सर.
ढगाकडं उधारी चालत नाही.

शिवाय किती, एवढंच नसतं. कुठं, हेही असतं.
हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवते,
रमजाननं एका वाक्यात सांगितलं:
"सर, बैलगाडी उलाळ झाली की बैल टांगतो.
हितं टांगायला बैल बी न्हाई."
सरांनी आपणहून भोपळा उतरवला.

आता माणसं.
सर म्हणाले होते बहात्तर. काटा म्हणाला एक्क्याऐंशी.
"बूट हायेत," सर म्हणाले.
नऊ किलोचे बूट, म्हणून आम्ही हसलो,
मग मी चढले.
विमानाच्या कागदांवर, गेली सहा वर्षं,
माझ्याच अक्षरात, एकसष्ट.
काटा सदुसष्टावर जाऊन थांबला, जरा डोलला, तिथंच राहिला.
रमजाननं वर न बघता लिहिलं.
कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

सहा किलो.
एवढं खोटं मी प्रत्येक उड्डाणाला बरोबर नेलं,
शिकाऊ पोरांना बेरजा तपासायला लावत.

मग खुर्च्या गेल्या. पंखा गेला.
वह्यांचा एक गठ्ठा गेला, दुसरा माझ्या हट्टानं राहिला.
पितळी स्टोव्ह हातात घेऊन सर बराच वेळ उभे होते,
शेवटी तोही रमजानच्या पायाशी ठेवला.
खुंट्या मात्र नाही. खुंट्या पुढं, माझ्या सीटमागं, आडव्या.

ऊन चढायच्या आत निघालो.
नऊनंतर इथली हवा पाणी घातलेल्या ताकासारखी होते,
पंखांना धरायला काही उरत नाही.
धावपट्टी संपत आली, उसाचा तुरा दिसायला लागला,
मी काहीच ओढलं नाही, ते आपलं आपण सुटलं जमिनीपासून,
सरळ, कुणीतरी तळहातावर उचलल्यासारखं.

वळण घेताना खाली कृष्णा-कोयना एकमेकींत शिरताना दिसल्या,
आणि हँगर, आडकित्त्याएवढा.
त्याच्या सावलीत आमच्या खुर्चीवर बसलेला रमजान,
पुढ्यात आमचा स्टोव्ह, पिवळा ठिपका.
सर काचेला नाक लावून म्हणाले,
"त्यानं चहा टाकला वाटतं."

आमच्याकडं साखर होती, पत्ती होती,
वीस लिटर पाणी होतं.