पांढरं फडकं

इंग्रजी मला येत नाही. म्हणजे येतं तेवढंच
जेवढं पुढच्या सीटपर्यंत पोचतं.
साडेसहाला वाळपई सोडली. जीपमध्ये मागे तिघं:
हेलसिंकीच्या डॉक्टर आयला, तीस वर्षं फक्त गोचीड,
रेसिफेचे तावारेस, ज्यांच्या आडनावाचा पोदेर
आमच्या बाजारात सायकलवरून उंडे विकतो,
आणि कोडगूचे कुशालप्पा,
सबंध वाट खिडकीला आकडे सांगत.

माझं काम सोपं.
मीटरभर पांढरं फलालीन, टोकाला बांबू, बांबूला सुतळी.
काजूच्या सुक्या पाल्यावरून ओढत न्यायचं, सावकाश,
झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करतात तसं.
दहा पावलं. थांब. उलटं कर.
पांढऱ्यावर तीळ चालायला लागतात.
तीळ कसले, खसखस.

आयलाबाई गुडघे टेकतात, चिमट्याने एक उचलतात
आणि नाव सांगतात, आडनावासकट:
हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा.
मी मनात दोनदा म्हणून पाहतो.
नखाने काढून फेकायची वस्तू,
तिचं बारसं कोण करणार?

त्या साली तापालाही नाव नव्हतं.
आधी केलडी पडली.
करमळवाड्याच्या वरच्या अंगाला, ओहोळात, कुंपणावर,
मुठी आवळलेल्या,
पडता पडता फांदी सापडली असावी अशा.
कोणी म्हणालं विष. कोणी म्हणालं राखणदार कोपला.
रोट ठेवला. नारळ फोडला.
मग माणसं.

कुशालप्पांनी विचारलं, तेल वाटलं होतं, लस होती,
रानात जाऊ नका सांगितलं होतं,
मग ही बाई का गेली?
मी म्हटलं, बोंडू झाडाखाली पडतो, साहेब.
याच्या पलीकडे माझं इंग्रजी गेलं नाही.
मराठीही गेलं नसतं.

तावारेस मात्र उठले.
खोडावर तळवा ठेवून म्हणाले, काजू.
मग छातीवर हात ठेवून, काजू.
झाड त्यांच्याकडचं. चारशे वर्षांपूर्वी
जहाजातून इथं उतरलं. आम्हाला वाटायचं आमचंच.
एक बोंडू मागून घेतला, लहान मुलासारखा चावला,
रस कोपरापर्यंत.
तो डाग जात नाही हे मी सांगणार होतो,
पण त्यांना ठाऊक असावं.

शनिवारी पणजीला, नदीकाठच्या हॉटेलात, परिषद.
मी बर्फाचा डबा घेऊन मागच्या दाराशी.
काचेपलीकडे आमची म्हादई,
इथं तिला मांडवी म्हणतात, इथं तिच्यावर दिव्यांच्या बोटी.
पडद्यावर आमचा डोंगर, वरून पाहिलेला,
त्यावर लाल ठिपके.
ठिपका सात: स्त्री, वय बावन्न, काजू वेचणारी, मृत.

ठिपका सात म्हणजे द्रौपदी माजिक.
माझ्या लग्नात तिने दिलेली कळशी
अजून आमच्या न्हाणीत आहे, बुडाला पोचा पडलेली.
फुगडीत ती समोरच्याचं मनगट सोडायची नाही,
चक्कर आली तरी.
हे कुठल्या रकान्यात घालतात
मला माहीत नाही.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
ही माणसं वाईट नाहीत. सात समुद्रांपलीकडून येऊन
आमच्या पाल्यात गुडघे टेकतात.

परतीला, फोंड्याच्या वळणावर,
कुशालप्पांनी अचानक विचारलं, तिचं नाव काय होतं?
मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.
छापता येत नाही, म्हणाले.
तरी लिहिलं. दिवा नव्हता, खड्ड्यांत पेन हलत होतं.

फडकं विरलं. सोमवारी नवीन हवं.
वाळपईच्या बाजारात फलालीन मागितलं, दोन मीटर,
मऊ, पांढरं, शिलाई नसलेलं.
दुकानदार मापता मापता हसला:
घरात बाळ येणार वाटतं?

मी हो म्हटलं.
त्याने चार बोटं जास्त कापलं.