पाव सेकंद

मार्दोळ. ट्रायपॉड गाडीतच राहिला.
देवळामागे तळी, तळीपलीकडे जाईचे मळे,
कळ्या अजून मिटलेल्या.
गेलं वर्षभर माझे सगळेच फोटो हललेले.
डॉक्टर म्हणतात, हाताला काही झालेलं नाही.

कुंदा फुलकार केळीच्या दोरात
कळ्या ओवत होती, न बघता.
"रावात मातशें," म्हणाली,
"सांजे फुलतल्यो."

थांबलो.
पायरीवर ऊन होतं, मग नव्हतं.
तळीच्या कोनाड्यात तिनं पणती ठेवली,
हाताचा आडोसा धरला.

पाव सेकंद.
श्वास रोखायचा विसरलो.

रात्री पडद्यावर मोठा करून पाहिला:
ज्योत जागच्या जागी,
तिच्या बोटांवर दोराची हिरवी रेघन् रेघ.
हललंय ते मागचं केळीचं पान,
आणि ते
वाऱ्यानं.