एकच व्यक्ती असल्याबाबत

पासपोर्टवर अण्णांचं नाव बाबगोंडा.
माझ्या शाळेच्या दाखल्यावर बाबागौडा.
क्लार्कनं एक काना, एक मात्रा जादा दिली
आणि टिंब खाल्लं.
म्हणून कसबा बावड्याला, कोर्टासमोर,
छत्रीखालच्या नोटरीपुढं
अण्णांनी पाचशेच्या स्टॅम्पवर शपथ घेतली
की हे दोघं एकच आहेत.
बाहेर येऊन म्हणाले,
"पन्नास वर्षं शंका होती. आज कागद झाला."

उद्यमनगरात आमचं शॉप.
दोन लेथ, एक ड्रिल, एक बंद पडलेला शेपर.
लोनच्या फाइलीत सगळे माझ्या नावाखाली
दाटीवाटीनं बसलेत. शेपरसुद्धा.
त्याची लावलेली किंमत ऐकून
इलाहीचाचा हसता हसता खोकत राहिले.

शिफ्ट सुटली की मुलाखत.
अण्णा स्टुलावर. ते साहेब.
हातात व्हर्निअर, कारण साहेबाच्या हातात
काहीतरी पाहिजेच.
मध्ये काच नाही, म्हणून कूलंटचा रिकामा डबा.
"व्हाय धिस कॉलेज?"
मी ओतकामाचं सांगते:
लोखंड थंड होताना आत कुठं पोकळ राहिलं
ते न फोडता कसं ओळखायचं.
"बरोबर," साहेब म्हणतात. मग आठवून, "ओके."
"हू विल पे?"
मी बोट दाखवते. साहेब व्हर्निअर पुसायला लागतात.
"विल यू कम बॅक?"
"येस सर."
"मोठ्यानं."
"येस सर. आमचा बिझनेस इथं आहे."
"बिझनेस म्हणताना शेपरकडं बघू नकोस."

चाळीस वेळा तरी विचारलं असेल.
माल तपासावा तसं, दर वेळी फिरवून,
एका बाजूनं, मग दुसऱ्या.
माझं उत्तर इतकं गुळगुळीत झालं
की धरायला त्यात जागा उरली नाही.

मुंबईतल्या खऱ्या साहेबानं
तेवढंच विचारलं नाही.
दीड मिनिट. ओहायोत थंडी फार, म्हणाला,
आणि पासपोर्ट ठेवून घेतला.
मी उत्तर तोंडात धरून तिथंच उभी.
मागचा माणूस म्हणाला, सरका की.

आईनं डंकावरून चटणी कांडून आणली.
तीन पिशव्या, वर डबा, वर टेप,
वर माझी जुनी ओढणी.
तरी बॅग उघडली की शिंक येतेच.
घरचा स्प्रिंगकाटा बॅगेला पुरेना,
म्हणून शॉपमध्ये नेली,
कास्टिंगच्या काट्यावर ठेवली.
इलाहीचाचांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि रोजच्यासारखी आरोळी ठोकली,
"तेवीस नऊशे! नऊशे जादा!"
कोण म्हणालं, कुकर काढा. कोण म्हणालं, पुस्तकं.
आई चटणीच्या बाजूला हात ठेवून उभी,
बोलली काहीच नाही.
मी कागदांची फाइल बाहेर ओढली.
हातात नेईन.
"तेवीस शंभर," चाचा म्हणाले. "चालतंय.
शंभर ग्रॅम तर आमच्या काट्याचा गंज."

रात्री शटर ओढायला मी हात दिला.
कुलूप लागलं, तरी अण्णा
किल्ली खिशात टाकेनात.
मला वाटलं, आता विचारणार. एक्केचाळिसावं.
आणि या वेळी माझ्याकडं तयार काही नव्हतं.
होतं त्यात कुठंतरी पोकळ होतं,
कुठं, ते मलाही बाहेरून दिसत नव्हतं.

"तिथं लेथला काय म्हणतात गं?"

"लेथच."

"मग बरंय," म्हणाले,
आणि गाडीला किक मारली.
मी मागं बसले, फाइल मांडीवर.
वरचाच कागद स्टॅम्पाचा, दोन नावांचा;
पार्वती टॉकीजच्या वळणापर्यंत
वाऱ्यानं फडफडत राहिला.
मग मी तो अंगठ्यानं दाबून धरला.