उसनं

माझ्याआधी माझं रक्त ॲडमिट झालं.
नेरूळला, इस्पितळाच्या तळमजल्यावर,
थंड कपाटात. पिशवीवर चिठ्ठी:
केतकी अवसरे, वय सतरा.
मी मात्र घणसोलीत, घरीच,
लोहाच्या गोळ्या, बीट, गूळ-शेंगदाणे खात
नवं जमवत.

आई शेजारी सांगायची,
"परक्याचं नको. तिचं तिलाच द्यायचंय."
जणू वाटीभर साखर
आम्हीच आमच्याकडून उसनी घेतलेली.

बाबा शिंपी.
माझा उजवा खांदा वर, म्हणून
पाचवीपासून गणवेशाची डावी बाजू
अर्धा इंच आखूड. वर्गात कुणाला कळलं नाही.
बाबा कधी बोलले नाहीत.

सहा तास. वीस स्क्रू.
सांडलं तेही म्हणे यंत्रानं धुऊन परत दिलं.
जाग आली तेव्हा शेवटची पिशवी
थेंब थेंब उतरत होती.
हात गारठला.
माझंच, पण तीन आठवडे बाहेर राहिलेलं,
जरा बुजलेलं.

टाके निघाल्यावर बाबांनी टेप काढली.
डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं,
चष्मा पुसून पुन्हा मोजलं,
आणि वहीत
एकच आकडा लिहिला.