माशांचं यंत्र

गेल्या हिवाळ्यापर्यंत या यंत्रात
आम्ही सामन माशांचे विषाणू शोधायचो.
आता नळ्यांवर माणसांची नावं आहेत
आणि फेरो बेटांवर कुजबुज:
मासे तपासणारी ही पोर
आपल्याला काय ओळखणार?

हेर्गायर सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा.
आज काचेपलीकडे उभा, टोपी हातात चुरगाळत.
"सोमवारी नाही म्हणालीस, गुरुवारी हो.
मधल्या तीन दिवसांत माझ्या नाकानं
कोणता गुन्हा केला?"

मी काचेला आलेख टेकवले.
ही गुरुवारची रेघ, चढती. ही सोमवारची, सपाट.
तेव्हा विषाणू थोडा असेल,
काडीला सापडला नाही.
"म्हणजे नव्हता?"
सापडला नाही.
"म्हणजे खोटं बोललीस."
सापडला नाही, एवढंच सांगितलं.

पण कागदावर नुसतं 'नाही' छापलं होतं,
आणि ते मीच छापलं होतं.

खाली धक्क्याला त्याच्या मुलाची होडी लागत होती.
पाण्यात उंच तरंगत, म्हणजे रिकामीच.
तो बराच वेळ तिकडे बघत राहिला.
"जाळं रिकामं आलं,
म्हणून समुद्र रिकामा आहे
असं मी कधी म्हटलं नाही," तो पुटपुटला.
मग खोकला.
पटलं असं न म्हणता
चौदा दिवसांसाठी घरी गेला.

रात्री शेवटच्या खेपेत आईची नळी होती.
रेघ सपाट.
कागद घेऊन धावत घरी गेले,
दार तिनंच उघडलं, हात पसरले,
आणि मी उंबऱ्याबाहेर
तशीच उभी.