तेविसावं प्रकरण

चुंबन तेविसाव्या प्रकरणात, त्याआधी नाही.
विनिपेगच्या प्रकाशकाचा हा नियम
मी अकरा कादंबऱ्या पाळला.
त्याआधी फार तर हातमोजा काढताना
बोटाला बोट लागायचं,
तेही रविवार सोडून.

नायकाचं नाव दर वेळी वेगळं, माणूस तोच.
ती पळून जाते, तो थांबतो.
ती कर्ज करून येते, तो फेडतो.
ती म्हणते, मी तुझ्या लायकीची नाही,
तो म्हणतो, जेवलीस का?
पाळक क्लासन मंडळीला विचारायचे,
आमच्या आर्डिथच्या पुस्तकातला वर खरा कोण, ओळखा,
आणि बोट छताकडे करायचे.
पुढच्या बाकांवरच्या बायका मात्र
मान वळवून माझ्या हाइनोकडे बघायच्या.
तो ग्रीसने काळी झालेली नखं
गुडघ्यांत लपवायचा.
प्रेम हा शब्द माझ्यासमोर त्याने एकदाच वापरला,
एका जुन्या कापणीयंत्राबद्दल.

पत्रं यायची.
लेथब्रिजहून एकीने लिहिलं,
तुमचा नायक वाचला आणि प्रार्थनेत पहिल्यांदा रडले.
दुसरीचं पत्र दोन ओळींचं:
असा माणूस नसतो.
असा देव तरी असतो का?
तिला मी उत्तर दिलं नाही.
पाकीट अजून आहे, पिठाच्या डब्यामागे.

जे पाळकांना माहीत नाही ते असं, की
एकोणऐंशीच्या हिवाळ्यात मी खरंच गेले होते.
एकवीस दिवस.
बहिणीकडे म्हणून; बहिणीकडे नव्हे.
परतले तेव्हा रात्रीचे दोन, उणे चौतीस,
बस मला हमरस्त्यावर उतरवून निघून गेली
आणि मैलभरावरून दिसला
आमच्या अंगणातल्या खांबावरचा दिवा.
हाइनो म्हणजे खोल्याखोल्यांतून दिवे मालवत फिरणारा माणूस.
त्या महिन्याचं वीजबिल त्याने मला कधी दाखवलं नाही.
ट्रकची तार भिंतीतल्या प्लगला जोडलेली,
इंजिन कोमट,
कुठल्याही क्षणी निघता यावं म्हणून.
कुठे निघायचं, हे त्याला कुणी सांगितलं होतं?
दार उघडून म्हणाला, सूप आहे.

त्या एका वाडगाभर सूपावर
मी अकरा पुस्तकं लिहिली.
सगळी तिच्या बाजूने.
बर्फ तुडवत येणारीच्या बाजूने.
त्या एकवीस रात्री खिडकीआड काय चाललं होतं,
मी विचारलं नाही.
वाटलं, थांबणाऱ्याच्या आत
दिव्यासारखंच काहीतरी शांत जळत असेल.

आता तो जातो.
पहाटे उठतो, पायात एकच बूट,
आईकडे निघालोय म्हणतो. आई पासष्ट साली गेली.
मी दंडाला धरलं की अदबीने हात सोडवतो,
बाई, तुमचे यजमान रागावतील.

तेव्हा कळलं.
मी ओरडते. टेबलावर मूठ आपटते.
प्लाउटडीचमध्ये शिव्या देते,
त्या भाषेत वर कमी ऐकू जात असावं या आशेने.
मिनिटं मोजते. पाऊलखुणा मोजते.
परवा तो टपालपेटीपाशी सापडला,
पेटीचं झाकण उघडून आत बघत,
आणि मला इतका राग आला
की त्याच्या गळ्यात मफलर गुंडाळताना
गाठ जरा जोरातच बसली.
मग म्हटलं, चला, सूप आहे.
तो आला. कुणाच्याही घरी यावं तसा आला.

बारावं पुस्तक त्याच्या बाजूने लिहितेय.
प्रकाशक विचारतो, नायक इतका चिडका का?

दुसऱ्या मुलीलाही काल लिहायला घेतलं.
पत्ता चाळीस वर्षांपूर्वीचा, तरी.
असतो, असं लिहिलं.
पण शांत नसतो.
पुढची ओळ खोडली.
त्याच्या पुढचीही.
बाहेर दिव्याची गुणगुण चालू होती,
ट्रकची तार जोडलीय का
हे बघायला मी उठले.

चुंबनाचं अजून ठरलेलं नाही.